निवडून आल्यास पहिले काम

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत कोणतीही निवडणूक लागली की उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारला जातो: निवडून आलात तर पहिले काम कोणते कराल? विचारणारा बहुधा तालुक्याच्या यूट्यूब चॅनलचा प्रतिनिधी असतो. त्याच्या माइकला चॅनलच्या नावाचा पुठ्ठ्याचा ठोकळा बसवलेला असतो आणि तो ठोकळा उमेदवाराच्या हनुवटीला जवळजवळ टेकलेला असतो. उमेदवार आधी चॅनलचे आभार मानतो, मग ग्रामदैवताचे स्मरण करतो, मग ज्या नेत्याच्या आशीर्वादाने तो उभा आहे त्याचे नाव सर्व बिरुदांसह घेतो. उरलेल्या अर्ध्या मिनिटात रस्ते, पाणी, गटार, दिवाबत्ती, आरोग्य, शिक्षण, तरुणांना रोजगार आणि महिलांचे सक्षमीकरण एवढे सगळे येते आणि ते सगळेच पहिले असते.

कायद्याच्या अंगाने पाहिले तर या उत्तरात नवे काहीच नसते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. त्याला जोडलेल्या ग्रामसूचीत शेती, जनावरे, विहिरी, रस्ते, दिवे, शाळा, आरोग्य अशी पंचायतीने करायच्या कामांची लांबलचक यादी आहे. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा, महानगरपालिकांचा १९४९ चा आणि मुंबई महापालिकेचा तर १८८८ चा. रस्त्यावर दिवे लावणे, केरकचरा उचलणे, गटारे साफ ठेवणे ही या कायद्यांनी घालून दिलेली कर्तव्येच आहेत. पुढे १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी थेट राज्यघटनेत नेऊन बसवली. त्यामुळे उमेदवाराने कितीही डोके खाजवले तरी त्याला सुचलेले पहिले काम कुठल्या तरी कलमात त्याच्या जन्माआधीपासून मुक्कामाला असते. मुंबईत ते पणजोबांच्याही आधीचे निघते. पगारावर ठेवलेल्या गड्याने ‘मी रोज कामाला येईन’ असे जाहीर करून टाळ्या घ्याव्यात, तसा हा प्रकार आहे. टाळ्या मात्र पडतात, कारण गडी बरेच दिवस आलेला नसतो.

उमेदवाराचे खरोखरचे पहिले काम निवडून येण्याच्या कितीतरी आधी, अर्ज भरण्याच्या आठवड्यात होते आणि ते कायदा त्याच्याकडून करून घेतो. पंचायतीचा थकबाकीदार अपात्र ठरतो, म्हणून घरपट्टी आणि पाणीपट्टी भरावी लागते. घरी शौचालय असून त्याचा वापर करतो, असे लिहून द्यावे लागते. निवडणूक खर्चासाठी बँकेत वेगळे खाते काढावे लागते. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर त्याला काही इलाज नसतो, पण बाकीच्या अटी पैशाने आणि घाईने पुऱ्या करता येतात. एरवी ज्या शौचालयात सरपण, खताची पोती आणि शेळ्यांचा पाला ठेवलेला असतो, ते एका दुपारी रिकामे होते. त्याचे दार बऱ्याच दिवसांनी आतून लागते.

ग्रामपंचायत कार्यालयात त्या आठवड्यात जी वर्दळ दिसते, ती ग्रामसभेलाही दिसत नाही. एरवी वसुलीला गेलेल्या शिपायाला पाहून मागच्या दाराने शेताकडे निघून जाणारी माणसे स्वतः येतात, टेबलाशी उभी राहतात आणि अजिजीने विचारतात, “माझं किती निघतंय बघता का जरा?” क्लार्क रजिस्टर उघडतो. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, मागील बाकी, चालू बाकी अशी बेरीज करत तो खाली येतो तोवर उमेदवाराने खिशातून नोटांची घडी काढलेली असते. त्याच्या मागे त्याचा विरोधक उभा असतो. त्यालाही दाखला हवाच असतो. दर पाच वर्षांऐवजी दरवर्षी निवडणूक लावली तर पंचायतीची थकबाकी कायमची मिटेल, हे गणित तो क्लार्क कधीच मांडून बसलेला असतो. मात्र त्याला कोणी माइक लावत नाही. आणि ज्यांना लावतात, त्यांच्यापैकी कोणीही ‘निवडून आल्यावर पहिल्यांदा घरपट्टी वसूल करीन’ असे म्हणत नाही. बाकीची सगळी पहिली कामे ज्या पैशातून व्हायची, त्या पैशाचा उल्लेख उमेदवारांच्या बोलण्यात फक्त माफी किंवा सवलत याच रूपात येतो.

अर्ज टिकला की जाहीरनामा. ग्रामपंचायतीची निवडणूक राजकीय पक्षांच्या चिन्हावर होत नाही, पॅनेल असतात. पॅनेलच्या नावात ग्रामदैवत, विकास आणि परिवर्तन यांपैकी दोन गोष्टी तरी असतात. कपबशी, कपाट, शिट्टी, छत्री अशी चिन्हे मिळतात आणि त्यांचा पहिल्या कामाशी कसलाही संबंध नसतो, तरी कपाटवाला उमेदवार ‘गावाची तिजोरी सुरक्षित’ असे म्हटल्याशिवाय राहत नाही. जाहीरनामा तयार होतो तो तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानात, रात्री साडेदहानंतर. ऑपरेटर मागच्या निवडणुकीची फाइल उघडतो, वर्ष बदलतो, फोटो बदलतो आणि मजकूर वाचून दाखवतो.

“तात्या, ‘कटिबद्ध’ ठेवू का ‘वचनबद्ध’ टाकू?”

“दोन्ही टाक.”

“बंदिस्त गटार तिसऱ्या नंबरला आहे.”

“वर घे. त्यांच्या पत्रकात कितव्या नंबरला आहे?”

ऑपरेटर सांगत नाही, पण त्याला माहीत असते. समोरच्या पॅनेलचे पत्रक त्यानेच दुपारी छापायला पाठवलेले असते, त्याच फाइलवरून. गावात दुसऱ्या दिवशी दोन्ही पत्रके एकाच वेळी फिरतात आणि त्यांतल्या कामांचा क्रम एवढाच काय तो वैचारिक फरक असतो. खरा वाद पत्रकाच्या मजकुरावरून होतच नाही. तो वरच्या फोटोंच्या रांगेवरून होतो. कोणता नेता डावीकडे, कोणाचा फोटो सुपारीएवढा आणि कोणाचा बशीएवढा, दिवंगत आजोबांना हार घालायचा की नुसतेच ढगात ठेवायचे, यावर पॅनेल फुटल्याची उदाहरणे गावोगाव ऐकायला मिळतात.

प्रचाराची फेरी सुरू झाली की छापील पहिले काम मागे पडते आणि गल्लीगणिक नवे निघते. वेशीजवळच्या आळीत ते गटार असते, वरच्या आळीत हायमास्ट दिवा, मळ्यातल्या वस्तीवर पाणंद रस्ता, तालमीपाशी जिमचे साहित्य आणि देवळापुढे सभामंडप. उमेदवार प्रत्येक ठिकाणी हात जोडून “झालंच म्हणून समजा” असे सांगतो. बरोबरचा कार्यकर्ता मोबाइलमध्ये नोंद करत असल्यासारखे करतो. बऱ्याचदा तो दुसऱ्या गल्लीतल्या पोरांना चहा किती सांगायचा, ते टाइप करत असतो. पारावर बसलेले एखादे आजोबा तेवढ्यात म्हणतात, “मागच्यानंबी झालंच म्हणून समजा म्हटलं हुतं. आमी समजलोय.” यावर सगळे हसतात, उमेदवार सर्वांत मोठ्याने हसतो आणि आजोबांच्या पाया पडतो.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्यामुळे अर्ध्या ठिकाणी प्रश्न बाईंना विचारला जातो आणि उत्तर त्यांचे यजमान देतात. हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. ओसरीवर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. एकीवर डोक्यावर पदर घेतलेल्या उमेदवार ताई, दुसरीवर पांढऱ्या कडक कपड्यांतले यजमान. माइक ताईंसमोर जातो, पण पोहोचायच्या आत यजमान बोलू लागतात: गावाचा सर्वांगीण विकास, मग युवकांसाठी व्यासपीठ, मग आदर्श गाव. दोन मिनिटांनी त्यांना खोकला येतो. तेवढ्यात ताई शांतपणे म्हणतात, “पहिलं काम म्हंजे नळाचं पाणी पहाटं साडेचारला येतंय, ते सहाला करायचं. साडेचारला लेकरं उठत्यात, परीक्षा असली तरी उठत्यात. आन् वरच्या आळीला शेवटी सोडत्यात, तवर टाकी रिकामी होती. तिथं आधी सोडायचं.”

प्रतिनिधी थांबतो. असे उत्तर त्याला अपेक्षित नसते. यात निधी नाही, टेंडर नाही, नारळ फोडायला जागा नाही. पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलावून व्हॉल्व्ह फिरवायची वेळ आणि क्रम बदलायला सांगायचे, एवढेच आहे; म्हणजे ते पदभार घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी होऊ शकते. यजमानांचा खोकला थांबतो आणि ते म्हणतात, “म्हणजे एकूण पाण्याचं नियोजन.” चॅनलवर तेवढेच वाक्य जाते. जाहीर झालेल्या पहिल्या कामांत खरोखर होण्याजोगी कामे साधारण या प्रकारची असतात आणि ती साधारण अशीच कापली जातात.

काही गावांनी हा सगळा खटाटोप टाळून पहिले काम निवडणुकीच्या आधीच उरकून घेण्याची युक्ती काढली. बिनविरोध निवडणूक करायची आणि त्या बदल्यात इच्छुकाने देवळासाठी किती देणार ते बोलावे, अशी ती पद्धत. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे येथे अशा लिलावाची बोली मंदिराच्या नावाने दोन कोटींच्या पुढे गेल्याचे प्रसिद्ध झाले. राज्य निवडणूक आयोगाने उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. आश्वासन पाळले जाईल याची रोख खात्री देणारी ही बहुधा एकमेव पद्धत होती आणि तीच बेकायदा निघाली.

त्याच निवडणुकीत आणखी एक मौज होती. १५ जानेवारी २०२१ रोजी १४ हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, पण सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढायची ठरली. म्हणजे सरपंच झाल्यावर पहिले काम काय करणार हे महिनाभर सांगत फिरलेल्यांना आपण सरपंच होऊ शकतो की नाही, हेच ठाऊक नव्हते. सोडतीची चिठ्ठी निघाल्यावर काहींची पहिली कामे जागच्या जागी संपली. सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांतून, याबाबत सरकारचेही एकमत टिकत नाही: २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडीत सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्याचे असा योग येतो. मग सरपंचाचे पहिले काम गटार असेल तर सदस्यांचे पहिले काम त्या गटाराचा ठराव नामंजूर करणे हे असते. दोन्ही बाजू आपापले वचन पाळत असतात.

जिल्हा परिषदेच्या उमेदवाराचे पहिले काम फारसे कोणी विचारत नाही. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, गावाला गावे जोडणारे रस्ते हे तिचे प्रांत. पण मतदाराच्या लेखी जिल्हा परिषद म्हणजे मास्तरांच्या बदल्या, आणि त्या ऑनलाइन झाल्यापासून तोही विषय गेला.

शहरात मात्र प्रश्न पुन्हा रंगतो. तिथला उमेदवार खड्डेमुक्त रस्त्यांपासून सुरुवात करून दोन सभांत मेट्रोच्या स्थानकापर्यंत आणि तिसऱ्या सभेत लोकलच्या जादा फेऱ्यांपर्यंत पोहोचतो. महापालिकेत कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवकाला सभागृहात एक मत असते आणि एक लेटरहेड असते. त्यामुळे त्याचे पहिले काम मुंबईत वॉर्ड ऑफिसला आणि पुण्यात क्षेत्रीय कार्यालयाला पत्र देणे हे असते. पत्राचे उत्तर येते की सदर रस्ता महापालिकेच्या हद्दीत नसून सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे. निवडणुकीआधी मात्र तो रस्ता ज्याच्या त्याच्या हद्दीत असतो.

मुंबईत एका प्रभागात एकच नगरसेवक असतो, अशा २२७ जागा. पुण्या-नागपुरात २०१७ च्या निवडणुकीत चार-चार सदस्यांचे प्रभाग होते. अशा प्रभागात मतदार चार मते देतो आणि पाच वर्षे चार जणांना एकच गटार दाखवत बसतो. पहिला म्हणतो हे ब गटाकडे आहे, ब गटवाल्या बाई म्हणतात दादांशी बोलून घ्या. काम झालेच तर मात्र श्रेयाला चौघेही येतात. बागेतल्या सिमेंटच्या बाकाच्या पाठीवर चार नावे रंगवायची म्हणजे बाक रुंद करावा लागतो, किंवा मग चार बाक करावे लागतात. दुसरा मार्ग सर्वांना पसंत असतो. म्हणून काही बागांत बसायला येणाऱ्यांपेक्षा बाक जास्त दिसतात.

शहरी आश्वासनांतही कराचा विषय माफीच्या रूपानेच येतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचे वचन २०१७ च्या निवडणुकीत दिले गेले. आधी त्यातला सर्वसाधारण कर गेला, आणि पूर्ण माफीला राज्य मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली जानेवारी २०२२ मध्ये. महापालिकेची मुदत संपली मार्च २०२२ मध्ये. पहिले काम इतके जपून, अगदी शेवटपर्यंत हाताशी ठेवल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडत नाही. तरी ते झाले, हे नोंदवायला हवे. पुष्कळ पहिली कामे मुदतीच्या आधी दोन महिनेही होत नाहीत.

निकाल लागतो त्या दिवशी पहिले काम गुलाल असते. मग जेसीबीच्या बकेटमधून फुले, मग ग्रामदैवताचे दर्शन, मग विरोधकाच्या घरावरून हळूहळू जाणारी मिरवणूक. तिथे बँडवाल्याला नेमका दम लागतो आणि मिरवणूक थांबते. पुढचे आठ-दहा दिवस सत्कारात जातात. शाल, श्रीफळ आणि फेटा यांची एवढी आवक होते की त्याच शाली पुढे पाच वर्षे इतरांच्या सत्काराला पुरतात. गाडीच्या काचेवर ‘सरपंच’ अशी अक्षरे चिकटवली जातात. गाडी नसेल तर मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर, नंबर थोडा बारीक करून. उपसरपंचाची निवड व्हायची असेल आणि बहुमत काठावर असेल, तर सदस्यांचे पहिले काम सहलीला जाणे हे असते. बातमीत त्याला ‘अज्ञात स्थळी रवाना’ असे म्हणतात. स्थळ सगळ्या गावाला माहीत असते, कारण सदस्यांनी समुद्रकाठचे फोटो स्टेटसला ठेवलेले असतात.

त्यानंतर पहिली मासिक सभा भरते आणि सरपंचाची ग्रामपंचायत अधिकाऱ्याशी गाठ पडते. या पदाला २०२४ पर्यंत ग्रामसेवक म्हणत आणि गावात अजूनही भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेबांनी असे बरेच सरपंच पाहिलेले असतात. सरपंच उत्साहाने सांगतो की पहिले काम वेशीची कमान. भाऊसाहेब चष्मा पुसत सांगतात की यंदाचा ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखडा आधीच्या बॉडीने मंजूर करून ठेवलेला आहे, त्यात कमान नाही. सरपंच म्हणतो, मग वित्त आयोगाच्या पैशातून करू. भाऊसाहेब सांगतात की त्यातला मोठा भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांना बांधून दिलेला आहे. तो कमानीकडे वळत नाही. उरलेला निधी अबंधित आहे, पण नावात अबंधित असला तरी त्यावर नऊ सदस्यांच्या नऊ आळ्या डोळा ठेवून आहेत. मग स्वनिधीतून? स्वनिधी म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. भाऊसाहेब रजिस्टर उघडतात. अर्ज भरण्याच्या आठवड्यात उमेदवारांनी, त्यांच्या सूचकांनी आणि काही आशावादी भावकीने भरलेली रक्कम दिसते. त्याखाली बाकी सगळा गाव थकबाकीत असतो, आणि तो नुकताच सरपंचाला मते देऊन घरी गेलेला असतो.

“नोटिसा काढायच्या का?” भाऊसाहेब विचारतात.

“आत्ताच नको,” सरपंच म्हणतो. “पहिलंच वर्ष आहे.”

हा ‘आत्ताच’ दुसऱ्या वर्षी जत्रेमुळे, तिसऱ्या वर्षी दुष्काळामुळे आणि चौथ्या वर्षी पुढची निवडणूक जवळ आल्यामुळे पुढे सरकतो.

कामांचा क्रम चुकल्याने काय होते, याचा नमुना जवळपास प्रत्येक गावात जमिनीवर उमटलेला असतो. एका कारकीर्दीत सिमेंटचा रस्ता होतो, कारण तो दिसतो, त्यावर नारळ फुटतो आणि त्याच्या कडेला नावाचा फलक लावता येतो. पुढच्या कारकीर्दीत जलजीवन मिशन येते. घराघरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे २०१९ च्या त्या योजनेचे सूत्र. त्यासाठी पाइप जमिनीखाली टाकायचे असतात आणि जमिनीवर नेमका नवा रस्ता असतो. मग कटर आणून रस्त्याच्या मधोमध चर कापला जातो, पाइप टाकला जातो आणि वर माती लोटून ठेकेदार पुढच्या गावी जातो. तिसऱ्या कारकीर्दीत त्या चराचे पेव्हर ब्लॉक होतात. चौथीत बंदिस्त गटार येते आणि ब्लॉक निघतात. ते काही दिवस सदस्यांच्या अंगणात जपून ठेवले जातात. चारही सरपंचांनी आपले पहिले काम मनापासून केलेले असते. उलट्या क्रमाने केले असते तर एकाच खोदाईत भागले असते, पण मग नारळ एकच फुटला असता.

जमिनीखालच्या कामाचे दुर्दैव असे की त्याचा फोटो निघत नाही. हायमास्टचा मात्र निघतो, तोही रात्री. चौकात उंच खांबावर सहा-आठ दिवे एकदम लागतात, लोकार्पणाला आमदार येतात, डास येतात. विजेच्या बिलाची तरतूद कोणी पहिले काम म्हणून सांगितलेली नसते. बिल थकते, वीज कंपनी जोड तोडते आणि चौकात मध्यभागी एक अतिशय उंच अंधार उभा राहतो. पुढच्या निवडणुकीत ‘बंद हायमास्ट चालू करणे’ हे दोन्ही पॅनेलच्या पत्रकात पहिल्या क्रमांकावर असते.

याला अपवाद आहेत, आणि त्यांनी निवडलेली पहिली कामे ऐकली तर प्रचारप्रमुखाला घाम फुटेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, तेही बिनविरोध. त्या गावाने पुढे जे नियम घालून घेतले त्यांत दारूबंदी आहे, झाडे तोडायची नाहीत, जनावरे मोकाट चारायची नाहीत, शेतीसाठी बोअर पाडायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही. दरवर्षी पावसाच्या मापावर पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि पीक त्याप्रमाणे घ्यायचे. नकारांचा असा जाहीरनामा आज फ्लेक्सच्या दुकानात नेला तर ऑपरेटर विचारील, “दादा, हे विरोधकांबद्दल आहे का?” पवारांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्कर पेरे पाटील यांच्या काळात न बोलायचा विषयच हाती घेतला गेला: कर भरा आणि गिरणीत दळण फुकट घ्या. नोटीस काढून जी वसुली होत नाही, ती पिठाच्या डब्याने होऊ लागली, कारण घरपट्टीची आठवण आता शिपायाऐवजी घरातली बाई करून देत होती. गाव राज्यभर गाजले, पाहायला बस भरभरून लोक आले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या निवडणुकीत पेरे पाटलांच्या कन्या पराभूत झाल्या. या निकालाचा राज्यातील अनेक सरपंचांनी बारकाईने अभ्यास केला आणि नोटिसा काढण्याचा विचार आणखी एक वर्ष पुढे ढकलला.

राहिले ते काम, जे निकालानंतर कायद्याने खरोखरच मुदतीत करावे लागते आणि जे कोणत्याही माइकसमोर कोणीही सांगितलेले नसते: खर्चाचा हिशेब. निकालापासून ३० दिवसांत तो सादर केला नाही तर उमेदवाराला पाच वर्षांसाठी अपात्र ठरवता येते, आणि असे अपात्र ठरलेल्यांच्या याद्या निघतातही. त्यामुळे पंचविसाव्या दिवसापर्यंत आरामात असलेली मंडळी सव्विसाव्या दिवशी पावत्या शोधू लागतात. ग्रामपंचायतीत उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते, आणि सगळ्यांचा खर्च तिच्या आत नीट बसतो. चहाचा, नाश्त्याचा, फ्लेक्सच्या चौरस फुटाचा दर प्रशासनाने ठरवून दिलेला असतो; त्या दराने हिशेब केला तर असे दिसते की महिनाभर सगळे गाव दिवसाला अर्धा कप चहा पिऊन प्रचार करत होते. मटणाच्या रकान्यात ‘निरंक’ असते. हिशेब हरलेल्यांनाही द्यावा लागतो, म्हणून तहसील कचेरीच्या व्हरांड्यात दोन्ही पॅनेलची माणसे एकाच रांगेत उभी असतात आणि एकमेकांच्या कागदांत डोकावतात. भोंग्याच्या रिक्षाची पावती दोघांकडे एकाच माणसाची असते, एकाच तारखेची आणि एकाच वेळेची. “त्या दिवशी तो कुणाचं नाव घेत होता रे?” एक जण विचारतो. दुसरा पावती उलटसुलट करून पाहतो आणि म्हणतो, “सही तर केलीय. दे आत.”